कोयत्याची जोडी आणि मुलीचे वय



या पानावर आम्ही एरवी लागण, बेणे, खत, पाणी आणि तोडणी यांविषयी लिहितो. या अंकात विषय वेगळा घेतला आहे, तरी तो तोडणीला धरूनच आहे. आपला ऊस तोडायला दरवर्षी ज्या टोळ्या येतात, त्यांत सतरा, सोळा, कधी पंधरा वर्षांच्या मुली असतात. काहींच्या कडेवर मूल असते, काही पोटुशी असतात. आपण त्यांना 'टोळीतल्या बाया' म्हणतो. पण कपाळाला कुंकू लागले म्हणून पोर काही एका दिवसात बाई होत नाही.

कोवळ्या वयातल्या बाळंतपणाने मुलीचे आणि बाळाचे काय होते, ही लग्ने इतक्या लवकर का लागतात आणि त्यात आपला, म्हणजे ऊस पिकवणाऱ्यांचा, हात कुठे लागतो, एवढे या पाठात पाहू. सुरुवात कल्याणपासून करू. या प्रश्नाची एक जुनी आणि नीट नोंद झालेली हकिकत कल्याणची आहे. शिवाय कल्याणच्या आसपासच्या वीटभट्ट्यांची मजुरी आणि आपली ऊसतोड यांची घडण एकसारखी आहे.

कल्याणची यमुना

कल्याण आपल्याला रेल्वेचे जंक्शन म्हणून ठाऊक आहे. दीडशे वर्षांपूर्वी तिथे गणपतराव जोशी यांचे घराणे राहत होते. एके काळी जमीनदारी होती, पुढे स्थिती खालावली. ३१ मार्च १८६५ रोजी जन्मलेली त्यांची मुलगी यमुना कल्याणातच वाढली आणि १८७४ साली, नवव्या वर्षी, तिचे लग्न झाले. नवरा गोपाळराव जोशी टपाल खात्यात कारकून, बिजवर, आणि तिच्याहून सुमारे वीस वर्षांनी मोठा. सासरी तिचे नाव आनंदी ठेवले. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला. तो दहा दिवस जगला. योग्य वैद्यकीय मदत मिळाली नाही, हे त्या मृत्यूचे कारण तिच्या मनात कायमचे बसले. त्या काळी बायका पुरुष डॉक्टरपुढे जायला तयार नसत आणि बाई डॉक्टर आपल्याकडे जवळजवळ नव्हतीच.

हीच पुढे डॉक्टर आनंदीबाई जोशी झाली. एप्रिल १८८३ मध्ये तिने कलकत्त्याहून बोट धरली, अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकली आणि मार्च १८८६ मध्ये एम. डी. झाली. पदवीसाठी तिने प्रबंध लिहिला तो हिंदू समाजातील प्रसूतीशास्त्रावर. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागावर तिची नेमणूकही झाली होती. पण क्षयाने गाठले. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात ती वारली, तेव्हा तिला बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते.

या हकिकतीतला दुसरा भाग, म्हणजे शिक्षण आणि परदेशगमन, शाळेच्या पुस्तकातून सर्वांना माहीत असतो. पहिला भाग आपण घाईने ओलांडतो. नवरा पगारदार होता, शिकलेला होता, बायकोला शिकवायच्या हट्टाला पेटलेला होता. तरीही चौदाव्या वर्षीचे बाळंतपण टळले नाही आणि बाळ वाचले नाही. मग ज्या घरात आजची मजुरी बुडाली तर रात्रीची चूल पेटत नाही, त्या घरातल्या चौदा-पंधरा वर्षांच्या पोरीचे काय होत असेल, याचा अंदाज आपणच करावा.

कायदा मात्र हळूहळू पुढे सरकला. १८६० च्या दंडसंहितेत संमतीवय दहा वर्षांचे होते, ते १८९१ साली बारा झाले. १९२९ च्या सारडा कायद्याने मुलीच्या लग्नाचे वय चौदा ठरवले. १९४९ साली ते पंधरा आणि १९७८ साली अठरा झाले. दहावरून अठरावर यायला शंभराहून अधिक वर्षे गेली. कागदावरचे वय वाढले, पण मजुराच्या घरातले वय त्या प्रमाणात वाढले नाही. याचे एक मोठे कारण कामाच्या पद्धतीत आहे, ते आता पाहू.

वीटभट्टीचा बयाणा

आपल्यापैकी अनेकांची मुले-भावंडे नोकरीनिमित्त ठाणे, कल्याण, डोंबिवलीकडे आहेत. त्या बाजूला ज्या इमारती उठल्या, त्यांच्यासाठी कल्याण आणि भिवंडी तालुक्यांत वीटभट्ट्या चालत आल्या. भट्टीवर विटा थापायला शहापूर, मुरबाडकडची आदिवासी कुटुंबे येतात. त्यांत कातकरी बरेच असतात. भातकापणी उरकली की रानात काम नसते. पावसाळ्यातच मालकाकडून बयाणा घेतलेला असतो, तो फेडायला दिवाळीनंतर सगळे बिऱ्हाड भट्टीवर जाते आणि पाऊस लागेपर्यंत तिथेच राहते. आठवड्याला खर्चापुरती खावटी मिळते, हिशेब हंगामाच्या शेवटी होतो. काम हजार विटांच्या दराने असल्याने नवरा, बायको आणि हाताशी आलेली पोरे सगळीच राबतात. मालकाला जोडपे हवे असते.

इथे मुलगी वयात आली की आईबापांना दोन चिंता लागतात. शाळा गावाकडे राहिलेली असते. भट्टीवर कुडाच्या झोपडीला दार नसते आणि चारी बाजूंनी परके लोक. अशा वेळी 'एकदाचे हात पिवळे केले की सुटलो' असे वाटणे समजण्यासारखे आहे. लग्न झाले की नवे जोडपे नवा बयाणा घेते आणि मागचे चक्र पुन्हा फिरू लागते.

शहरातल्या झोपडपट्टीत कारण थोडे निराळे असते, परिणाम तोच. आईबाप दोघे कामाला, खोली भाड्याची, मुलगी दिवसभर एकटी. तिच्याशी कुणी जबरदस्ती केली, किंवा प्रेमात पडून दिवस गेले, तर घरचे आधी लोकांच्या बोलण्याला भितात. पोरीची तपासणी राहते बाजूला आणि लग्न उरकण्याची धावपळ सुरू होते.

कल्याणला रुक्मिणीबाई रुग्णालय आहे, डोंबिवलीला शास्त्रीनगर रुग्णालय आहे, कळव्याला ठाणे महापालिकेचे मोठे रुग्णालय आहे. आनंदीबाईच्या वेळी यांतले काही नव्हते. आज दवाखाना काही मैलांवर असतो, तरी भट्टीवरची पोर तिथे वेळेवर पोहोचेलच असे नाही. जायचे तर दिवसाची मजुरी बुडते. कागदपत्रे गावाकडे राहिलेली असतात. आणि 'वय किती?' या प्रश्नाची भीती वाटते.

शरीराचे गणित

पाळी आली म्हणजे मुलगी मातृत्वाला तयार झाली, ही समजूत चुकीची आहे. पाळी आल्यावरही तिची उंची काही काळ वाढत असते आणि कंबरेच्या हाडांचा घेर त्याहूनही उशिरा पुरता होतो. त्याआधी दिवस राहिले तर पुढील धोके संभवतात.

बाळाचे डोके अडून कळा लांबतात. मदत वेळेवर मिळाली नाही तर आई किंवा बाळ, कधी दोघेही दगावतात. आई वाचली तरी आतल्या जखमेने जन्मभर लघवी गळत राहण्याचे दुखणे लागू शकते. दुसरा धोका रक्तदाबाचा. गरोदरपणी रक्तदाब वाढून झटके येण्याचा आणि बाळंतपणानंतर जंतुसंसर्ग होण्याचा धोका विशीतल्या बाईपेक्षा या वयात जास्त असतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तिसरा धोका रक्त कमी असण्याचा. गरोदर बाईचे हिमोग्लोबिन अकराच्या खाली गेले की रक्त कमी आहे असे धरतात. मजुराच्या पोरीचे ते मुळातच कमी असते, त्यात बाळंतपणातला रक्तस्राव तिला सोसत नाही.

आणि बाळ? एकाच सरीत दोन पिके जोराने वाढू लागली की खत दोघांनाही कमी पडते, हे आपल्याला सांगायला नको. आईचे स्वतःचे अंग वाढत असताना पोटात बाळ वाढू लागले की तीच गत होते. बाळ दिवस भरण्याआधी जन्मते, किंवा अडीच किलोपेक्षा कमी वजनाचे होते. अशी बाळे लवकर आजारी पडतात आणि मागे राहतात. त्यांतली मुलगी पुन्हा सोळाव्या वर्षी आई झाली तर तोच अशक्तपणा तिच्या बाळाकडे जातो.

आता यात ऊसतोडीचे काम मिळवा. पहाटेच्या अंधारात फडात उतरायचे, दिवसभर वाकून वाढे छाटायचे, मोळ्या बांधायच्या आणि डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचे. कोपीवर परतले की पाणी, सरपण, भाकरी तिचीच. खाडा केला तर पैसे कापले जातात, म्हणून सातव्या-आठव्या महिन्यापर्यंत ती फडातच असते.

अर्धा कोयता

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९–२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. बीड जिल्ह्यात हेच प्रमाण जवळजवळ ४४ टक्के आणि परभणीत ४८ टक्के होते. राज्यातील १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ७.६ टक्के मुली पाहणीच्या वेळी आई झालेल्या किंवा गरोदर होत्या. बीड हा ऊसतोड मजुरांचा जिल्हा. म्हणजे ज्या गावांतून आपल्याकडे टोळ्या येतात, तिथेच हा आकडा चढा आहे.

याला केवळ अडाणीपणा कारण आहे असे म्हणून आपल्याला हात झटकता येणार नाहीत. आपल्या धंद्यात नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता आणि त्याला उचल अर्धी. घरात अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा तयार झाला की बाप हिशेब करतो, की याचे लग्न लावले तर उचल दुप्पट होते. त्या रकमेत लग्नाचा खर्च निघतो आणि जुने देणेही भागते. म्हणून दिवाळीच्या आधी, टोळ्या निघायच्या सुमारास घाई होते. मुलीच्या बापाची बाजूही ऐका: "साहेब, आम्ही सहा महिने उसात. म्हातारी थकली, शाळा आठवीला संपली. पोरगी कुणाच्या जिवावर ठेवू?" शिवाय मुलगी लहान असली तर हुंडा कमी मागतात, आणि मोठीच्या मांडवात धाकटीचे उरकले तर एक खर्च वाचतो.

हंगामाला मुकादम उचल देतो, मुकादमाला वाहतूकदार देतो आणि वाहतूकदाराचा करार कारखान्याशी असतो. त्या साखळीच्या शेवटी आपला ऊस आहे. भट्टीवरचा बयाणा आणि फडातली उचल ही दोन नावे असली तरी गोष्ट एकच आहे. दोन्हीकडे जोडप्याला भाव आहे, म्हणून जोडपी लवकर तयार होतात.

सभासद म्हणतील, कोयते कमी आले तर आमचा ऊस उभा राहील. हे आम्ही नाकारत नाही. तोड लांबली की वजन घटते, खोडवा मागे पडतो, नुकसान सभासदाचे होते. पण अल्पवयीन मुलीला टाळले म्हणजे कोयता कमी पडतोच असे नाही. बाप-लेक, दोघे भाऊ किंवा एका गावचे दोन गडी मिळूनही एक कोयता धरता येतो आणि काही टोळ्यांत तसा धरलेला असतोही. अशा जोडीला पूर्ण उचल मिळू लागली तर उचलीपायी सून आणण्याची निकड कमी होईल. हा बदल मुकादमाच्या पातळीवर होण्यासारखा आहे, फक्त कारखान्याने आणि सभासदांनी तसा आग्रह धरला पाहिजे.

कायदा काय म्हणतो

बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६ सालचा आहे. मुलगी अठरा किंवा मुलगा एकवीस वर्षांच्या आत असेल तर तो बालविवाह. अल्पवयीन मुलीशी लग्न करणारा सज्ञान पुरुष, लग्न लावणारे, ठरवणारे आणि होऊ देणारे पालक या सर्वांना दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. स्त्रियांना या कायद्याखाली तुरुंगवास नाही. ज्या मुलीचे असे लग्न झाले, तिला सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांच्या आत ते न्यायालयाकडून रद्द करून घेता येते. त्याशिवाय २०१२ च्या बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्याप्रमाणे अठराखालील मुलीशी संबंध हा गुन्हा आहे, आणि नवरा असला तरी सुटका नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली स्पष्ट केले.

या दुसऱ्या कायद्याची एक बाजू ध्यानात घ्यावी. अल्पवयीन गरोदर मुलगी आली की दवाखान्याला पोलिसांना कळवावे लागते. त्या भीतीने घरचे वय वाढवून सांगतात, नाहीतर दवाखाना टाळून कुठल्या तरी भोंदूकडे किंवा कोपीतच बाळंतपण उरकतात. हा मार्ग सर्वांत घातक. गुन्हा मोठ्या माणसांचा असतो, पोरीचा नसतो. तिचा आणि बाळाचा जीव आधी, बाकीचे मागून, हे टोळीतल्या म्हाताऱ्या-कोताऱ्यांना आपण समजावून सांगितले पाहिजे.

आपण काय करावे

१. आपल्या प्रत्येक प्लॉटची लागण तारीख चिटबॉयच्या वहीत दिवसासकट असते. तारीख नसेल तर तोड लागत नाही. मग फडात उतरणाऱ्या मुलीच्या जन्माची तारीख कुठल्याच वहीत का नसावी? करार करतानाच मुकादमाकडून टोळीची नावानिशी यादी घ्यावी आणि प्रत्येकाच्या वयाचा पुरावा मागावा. शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्मनोंद हा पुरावा धरावा. आधार कार्डावरची तारीख पुरेशी नाही. वय ठरवताना शाळेचा दाखला ग्राह्य धरावा, आधार नव्हे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली दिला आहे.

२. दोन गड्यांच्या जोडीला जोडप्याइतकीच उचल द्यावी, अशी मागणी सभासदांनी गटसभेत मांडावी.

३. टोळीत कुणी गरोदर असेल तर, वय कितीही असो, तिला मोळी वाहायला लावू नये. फडाच्या बांधावर सावली आणि पिण्याचे पाणी ठेवणे सभासदाला जड नाही. पहिल्या तीन महिन्यांत नोंदणी, निदान चार तपासण्या, धनुर्वाताचे इंजेक्शन, लोहाच्या १८० गोळ्या, रक्तदाब आणि लघवीची तपासणी हे सारे प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट होते. माता-बाल संरक्षण कार्ड गावाकडचे असले तरी इथे चालते. आशाताईंना आणि अंगणवाडीसेविकेला टोळी उतरल्याचा निरोप द्यावा.

४. डोके फार दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी, तोंड-हात सुजणे, अंगावरून रक्त जाणे, झटके येणे, पाणी जाणे किंवा बाळाची हालचाल थांबणे, यांपैकी काहीही दिसले तर गाडीची वाट पाहत बसू नये. १०८ किंवा १०२ ला फोन करावा. जवळ सभासदाची जीप असेल तर तीच काढावी.

५. लग्न झालेच असेल तर निदान पहिले मूल लांबवता येते. गोळ्या, तांबी आणि तीन महिन्यांचे 'अंतरा' इंजेक्शन सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. या गोष्टी टोळीतल्या मुलीला आपल्या घरातल्या बायकांनी सांगाव्यात. गड्यांनी सांगून ती ऐकणार नाही.

६. टोळीबरोबर आलेल्या शाळेच्या वयाच्या मुलींची नावे जवळच्या शाळेत घालावीत. गावाकडे हंगामी वसतिगृहाची सोय असेल तर मुकादमाने त्याची माहिती आईबापांना द्यावी. मुलगी वर्गात राहिली की निदान काही वर्षे लग्नाची गोष्ट लांबते.

७. बालविवाह ठरल्याचे कळले तर १०९८ या क्रमांकावर कळवावे. गावात ग्रामसेवक, ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, हे बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहेत.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. हा प्रश्न फक्त टोळीवाल्यांचा आहे असे मानू नये. 'स्थळ चांगले आले, पुन्हा येईल न येईल' असे म्हणून बारावीच्या आधी मुलगी देणारी घरे आपल्या सभासदांतही आहेत. तिथे उचलीची सबबसुद्धा नसते.

एकट्या कारखान्याने हे सारे होणार नाही, हे खरे. मुकादम दुसऱ्या कारखान्याची उचल घेऊन तिकडे जाईल, अशीही भीती आहे. म्हणून शेजारच्या कारखान्यांनीही हीच अट घालावी, असा ठराव गटसभेत करून तो संचालक मंडळाकडे पाठवावा. पावसाळ्यात मुकादमांचे करार सुरू होतात. आपल्या गटसभा त्याआधी आहेत. उचल वाटली गेली की जोड्या ठरलेल्या असतात आणि मग वय विचारून उपयोग होत नाही. तेव्हा सभासदांनी या सभेला यावे, विषय मांडावा, आणि यादीचा नमुना आमच्या विभागाच्या गट कार्यालयातून घेऊन जावा.

आपला,
ऊस विकास अधिकारी